१४ तारखेची रात्र, साडेबारा: एका तारखेच्या विजेटचं प्रकरण

आमच्या बाजूला, गोव्यात, जत्रेतलं नाटक साडेबाराला आहे म्हटलं की ते रात्रीच्या साडेबाराला हे कोणाला सांगावं लागत नाही. पालखी फिरून देवळात येते, आरती होते, पावणी, म्हंजे लिलाव, होतात, मग मंडपात खुर्च्या ओढायचे आवाज सुरू होतात आणि पडदा वर जातो तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. आणि १४ तारखेची जत्रा असेल तर ते नाटक १४ तारखेचं. घड्याळाच्या हिशोबाने १५ उजाडलेली असते पण गावात कोणी तसं म्हणत नाही, हँडबिलावर तसं छापत नाहीत, आमच्या घरात आईला विचाराल तर ती म्हणेल उजाडल्याशिवाय तारीख कशी बदलेल. पंचांगातसुद्धा वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे आईचं काही चुकत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. लहानपणापासून मांडीवर झोपून नाटकं बघितलीत. तरी वेबसाइट करताना मी तारखेच्या खोक्यात हा विचार केला नाही आणि त्यातून जे झालं ते इथे सविस्तर लिहितोय, कारण साइट करणाऱ्या बऱ्याच जणांना उपयोगी पडेल असं वाटतं. मंडळाचं, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चूक माझी होती.

तर फोंडा तालुक्यातल्या काही नाट्यमंडळांनी मिळून एक साइट करायची ठरवली, जत्रेच्या सीझनमध्ये कुठल्या गावात कुठलं नाटक, किती वाजता, हे एका जागी दिसावं म्हणून. साइट ड्रुपल दहावर केली, ड्रुपल म्हंजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. त्यात ‘प्रयोग’ नावाचा कंटेंट टाइप, म्हंजे नोंदीचा साचा, त्याला फील्ड जोडलेली: नाटकाचं नाव, मंडळ, गाव, तालुका, तारीख-वेळ, फोटो. ज्यांनी ड्रुपल वापरलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की त्यात एका फील्डचे तीन तुकडे असतात आणि ते एकमेकांपासून वेगळे असतात. डेटाबेसमध्ये काय आणि कसं साठवायचं तो फील्ड टाइप. भरणाऱ्या माणसाला फॉर्मवर काय दिसतं, म्हंजे खोका, ड्रॉपडाउन, रेडिओ बटणं, ते विजेट. आणि वाचणाऱ्याला पानावर काय दिसतं तो फॉर्मॅटर. पूर्वी ही सगळी फील्डची सोय सीसीके नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये होती, २०११ ला आलेल्या सातव्या आवृत्तीत ती कोअरमध्ये, म्हंजे मूळ ड्रुपलमध्येच, गेली आणि २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून विजेटचं टॅब स्वतंत्र झालं, ‘मॅनेज फॉर्म डिस्प्ले’. त्या टॅबवर जाऊन विजेट बदललं तर आत साठवलेल्या डेटाला धक्का लागत नाही. पुढे ह्याच गोष्टीने मला वाचवलं.

तारीख-वेळेला मी जे विजेट आपोआप आलं तेच ठेवलं. एक तारखेचा खोका, एक वेळेचा खोका. दोन मिनिटांचं काम, पुढे चला.

एंट्री करायला एक वहिनी होत्या, नोकरी करून संध्याकाळी घरी आल्यावर तासभर बसायच्या, आणि मंडळांच्या समितीचे सेक्रेटरी काका अधूनमधून स्वतः करायचे, ते रिटायर्ड मास्तर, अक्षर मोत्यासारखं आणि कीबोर्डवर एका बोटाने. पहिले दोन महिने कुणाची काही तक्रार नाही. मग मला सुचलं की रोज संध्याकाळी पाच वाजता साइटनेच व्हॉट्सॲपवर टाकायला एक मेसेज तयार करावा, येत्या बारा तासांत सुरू होणारी नाटकं. वहिनी तो कॉपी करून ग्रुपवर टाकणार. सगळे खूश.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, शुक्रवारी, १३ तारीख, मेसेज गेला की आज रात्री साडेबाराला अमुक गावात अमुक नाटक. वाळपईहून दोन कुटुंबं मिनीबस करून उसगावमार्गे आली. मंडपात एक इलेक्ट्रिशियन शिडीवर चढून बल्ब लावत होता आणि खाली त्याचा पोरगा वायर धरून उभा, बस्स. स्टेजचा पडदासुद्धा बांधलेला नव्हता. इलेक्ट्रिशियनने शिडीवरूनच सांगितलं, ‘नाटक फाल्यां हो.’ म्हंजे उद्या. त्यात एक आजी होत्या, त्या नातवाचं काम बघायला आलेल्या, त्यांना म्हणे एवढंच वाईट वाटलं की उद्या परत कोण आणणार.

काकांचा मला फोन आला तेव्हा पाऊण वाजला होता. ओरडले नाहीत, मास्तर माणूस. म्हणाले, ‘अरे, तुझ्या कॉम्प्युटरला १४ तारीख कधी लागते ते मला एकदा सांग.’

सकाळी उठून बघितलं. नोंद होती १४ फेब्रुवारी, १२:३० एएम. वहिनींनी हँडबिल समोर ठेवून भरलेलं, हँडबिलावर ‘शनिवार दि. १४ रोजी रात्रौ ठीक १२.३० वा.’ त्यांनी तारीख १४ टाकली, वेळ साडेबारा टाकली, एएम-पीएममध्ये रात्र म्हणून एएम केलं. आता सांगा ह्यात वहिनींनी काय चुकीचं केलं? कागदावर होतं ते जसंच्या तसं भरलं. पण कॉम्प्युटरला १४ तारखेचे साडेबारा एएम म्हंजे शुक्रवारची रात्र, आणि मेसेज तयार करणाऱ्या माझ्या कोडने इमानदारीत शुक्रवारी संध्याकाळी ते नाटक उचललं.

मग मी त्या सीझनच्या बारानंतरच्या सगळ्या नोंदी काढल्या. तिथे खरी मजा. वहिनींच्या नोंदी बहुतेक अशाच, एक दिवस आधीच्या. पण काका हुशार, त्यांनी विचार केला की मध्यरात्रीनंतर तारीख बदलते, म्हणून त्यांनी १४ च्या नाटकाला १५ तारीख टाकली, १५, १२:३० एएम. कॉम्प्युटरच्या दृष्टीने हे एकदम करेक्ट. पण पानावर काय दिसतं? ‘१५ फेब्रुवारी, १२:३० एएम.’ वाचणारा ते एएम वाचतच नाही, तो म्हणतो १५ ला रात्री साडेबारा आणि जातो रविवारी रात्री, तेव्हा मंडप सोडून चाललेले. आणि तिसरा प्रकार, तीन-चार नोंदी पीएमवाल्या. कारण रात्र म्हटलं की पीएम असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं असतं, रात्री नऊ पीएम, दहा पीएम, अकरा पीएम, मग साडेबारा एकदम एएम कशाला होईल? त्यांची नाटकं भर दुपारी लागलेली.

म्हंजे हँडबिलावर एकच ओळ, आणि माझ्या फॉर्ममधून तीन वेगवेगळ्या नोंदी निघाल्या. आणि गंमत बघा, वहिनींची चुकीची नोंद पानावर बरोबर वाचली जात होती आणि काकांची बरोबर नोंद पानावर चुकीची वाचली जात होती. भरणाऱ्याची चूक आणि वाचणाऱ्याची चूक एकमेकांना छेद देत होत्या म्हणून दोन महिने कुणाला कळलं नाही, मधे मशीन घुसलं तेव्हा उघडं पडलं. हेच रेल्वेच्या मध्यरात्रीनंतरच्या गाडीचं तिकीट काढताना होतं, किंवा दाबोळीवरून सव्वाबाराचं विमान असलं की घरात एकदा तरी भांडण होतं की निघायचं कुठल्या रात्री.

शोधताना अजून एक सापडलं ते लगे हाथ सांगतो. ब्राउझरचा स्वतःचा जो तारखेचा खोका असतो, तो सर्व्हरला पाठवताना नेहमी वर्ष-महिना-दिवस असंच पाठवतो, पण दाखवताना ज्याच्या-त्याच्या ब्राउझरच्या, विंडोजच्या भाषेप्रमाणे दाखवतो. समितीच्या ऑफिसातल्या पीसीवर अमेरिकन इंग्लिश होतं, त्यामुळे तिथे महिना आधी, वहिनींच्या मोबाइलवर दिवस आधी. एकच फॉर्म, दोन माणसं, दोन वेगळे खोके. मी फोनवर ‘आधी तारीख टाका मग महिना’ असं सांगतोय आणि समोर उलटं दिसतंय. ४ मार्चचं नाटक ३ एप्रिलला गेलं होतं एक, ते काकांनीच पकडलं.

आता उपाय. पहिला विचार जो कुणालाही येतो तो म्हणजे सूचना लिहायची. फील्डखाली बारीक अक्षरात, ‘रात्री १२ नंतरच्या कार्यक्रमाला पुढची तारीख टाकावी.’ मी लिहिलीसुद्धा. दोन दिवसांत कळलं की वहिनी आता पुढची तारीख टाकतायत, आणि पानावर १५ बघून मंडळवाल्यांचे फोन त्यांना येतायत की अहो आमचं नाटक १४ ला आहे, तारीख बदला, आणि वहिनी बदलतायत. शेवटी त्या मला म्हणाल्या, ‘भावजी, मी कुणाचं ऐकू? कागदाचं, मंडळाचं की तुमचं?’ ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसरा विचार जास्त चावट होता आणि अजूनही मला आवडतो. ड्रुपल तारीख-वेळ साठवताना ती यूटीसीमध्ये, जगाच्या प्रमाणवेळेत, साठवतं, म्हंजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. शनिवारच्या रात्रीचं नाटक, घड्याळाप्रमाणे १५ ला साडेबारा, हे डेटाबेसमध्ये काय म्हणून पडलेलं असतं? १४ तारीख, १९:०० वाजता. चौदा! म्हंजे यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते, जवळजवळ उजाडताना, आईच्या हिशोबाप्रमाणे. लंडनमधल्या ग्रिनिचची मध्यरात्र आणि आमच्या गावची तारीख बदलायची वेळ एकच निघाली. त्यामुळे पानावर दाखवताना वेळ भारताची घ्यायची आणि तारीख मात्र डेटाबेसातली पहिली दहा अक्षरं कापून तशीच दाखवायची, झालं काम, एका ओळीचं कोड. रात्रभर मी ह्या आयडियावर खूश होतो. सकाळी आठवलं की साइटवर फक्त नाटकं नाहीत, काकड आरतीसुद्धा आहे, पहाटे साडेचारची. १५ तारखेची काकड आरती डेटाबेसमध्ये १४ तारीख, २३:०० अशी बसते आणि कापलेली तारीख दाखवली तर ती आदल्या दिवसावर जाते. भजनी मंडळवाल्यांनी मला देवळाच्या पायरीवर बसवलं असतं.

म्हंजे मुद्दा असा निघाला की साडेबारा आणि साडेचार दोन्ही मध्यरात्रीनंतरचेच, पण माणसाच्या डोक्यात एक ‘रात्र’ आहे आणि एक ‘पहाट’ आहे, रात्र मागच्या तारखेला चिकटलेली, पहाट पुढच्या. ही माहिती फॉर्म विचारतच नव्हता. एएम म्हटलं की दोन्ही एकाच पिशवीत.

असा प्रश्न आलेले आपण पहिले नाही हेही नंतर आठवलं. जपानमध्ये उशिराच्या टीव्ही कार्यक्रमांच्या वेळापत्रकात रात्रीचा एक हा सरळ २५ वाजले म्हणून लिहितात, म्हंजे तारीख आदलीच राहते. आणि गूगल मॅप्सला बसचं वेळापत्रक ज्या फॉरमॅटमध्ये देतात, जीटीएफएस, त्यात शेवटची बस मध्यरात्रीनंतर पोचत असेल तर तिची वेळ २४ च्या पुढे लिहायची मुभा आहे, २५:३०:०० असं. बसवाल्यांचासुद्धा दिवस डेपोत गाडी लागेपर्यंत संपत नाही ना. हे वाचल्यावर मला कळलं काय करायचं: साठवणीला हात लावायचा नाही, डेटाबेसमध्ये खरी वेळच राहू दे, फक्त विजेट असं हवं ज्यात माणूस ‘१४, रात्री साडेबारा’ असं त्याच्या भाषेत सांगेल आणि विजेट त्याचं १५ ला ००:३० करून आत ठेवेल.

ड्रुपलच्या कोअरमध्ये तारखेला दुसरंही एक विजेट मिळतं, सिलेक्ट लिस्टवालं, त्यात दिवस-महिना-वर्ष असा क्रम ठरवता येतो, बारा तासांचं घड्याळ निवडता येतं, मिनिटं पंधरा-पंधराच्या टप्प्यात ठेवता येतात. ते लावून बघितलं. महिना-दिवसाचा घोळ संपला हे खरं, पण सहा ड्रॉपडाउन एका ओळीत, मोबाइलवर दोन ओळींत, आणि शेवटी एएम-पीएम आहेच. काढून टाकलं.

मग स्वतःचं विजेट. हे वाटतं तेवढं अवघड नाही, एक क्लास लिहायचा, त्यात एक मेथड फॉर्मवर काय दाखवायचं ते परत करते, फॉर्म-एलिमेंट नावाची, आणि दुसरी मसाज-फॉर्म-व्हॅल्यूज, नावच भारी आहे, माणसाने भरलेल्या किमतींना चोळून-मळून डेटाबेसला पचेल अशा करायच्या. माझी पहिली आवृत्ती अशी: तारीख, मग ‘प्रहर’ नावाचं ड्रॉपडाउन, पहाटे, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री, आणि त्याप्रमाणे तिसऱ्या ड्रॉपडाउनमध्ये वेळा बदलणार. वेळा बदलायला थोडं जावास्क्रिप्ट लिहिलं. माझ्या लॅपटॉपवर झकास दिसत होतं, सेव्ह केलं की लाल पट्टी, ही निवड चालणार नाही. कारण ड्रुपल सर्व्हरवर फॉर्म परत तपासतं, ड्रॉपडाउनमध्ये जे पर्याय त्याने स्वतः पाठवले त्यातलाच एक परत आला पाहिजे, ब्राउझरमध्ये तुम्ही मागाहून घुसवलेला पर्याय त्याला परका. आणि ते बरोबरच आहे, नाहीतर कोणीही काहीही पाठवेल. मग तेच एजॅक्सने केलं, प्रहर बदलला की सर्व्हरकडून नवीन यादी. ते चाललं, पण वहिनींच्या घरी नेटवर्क असं की प्रहर निवडला की गोल चकरी फिरत राहते, त्या तोवर आतून भाताला किती शिट्या झाल्या बघून येतात.

तेव्हा कळलं मी उगाच हुशारी करतोय. एकच ड्रॉपडाउन पुरतो. ड्रॉपडाउनमध्ये गट करता येतात, मधे मधे जाड अक्षरात मथळा येतो आणि त्याखाली पर्याय, एचटीएमएलमध्ये ही सोय आधीपासून आहे आणि ड्रुपलला पर्यायांच्या यादीत यादी दिली की ते आपोआप तसे गट करतं. ना जावास्क्रिप्ट, ना चकरी. पहाटे, खाली ३, ३.३०, ४, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि रात्री, खाली ८, ८.१५ पासून १२, १२.१५, १२.३० असं पुढे. प्रत्येक पर्यायाच्या मागे जी किंमत ठेवली ती मिनिटांत, त्या तारखेच्या मध्यरात्रीपासून मोजलेली. रात्री नऊ म्हंजे १२६०. रात्री साडेबारा म्हंजे ३० नाही, १४७०. चोवीस तासांची मिनिटं १४४०, त्याच्यापुढे तीस. तारीख घ्यायची, तिच्यात तेवढी मिनिटं मिळवायची, तारीख आपोआप पुढच्या दिवसावर जाते, वेगळी अट लिहावी लागत नाही. आपल्या देशात घड्याळ उन्हाळ्यात पुढे आणि हिवाळ्यात मागे करायची भानगड नाही म्हणून हे एवढं सोपं जातं.

टप्पा आधी अर्ध्या तासाचा ठेवलेला, पण एका मंडळाचं हँडबिल ‘ठीक ९.४५’. मग सगळीकडे पाव तास केला तर शहाण्णव पर्याय झाले, मोबाइलवर अंगठा दुखतो. शेवटी दिवसा अर्धा तास, संध्याकाळी-रात्री पाव तास. दिसायला बेंगरूळ पण कुणी तक्रार केली नाही.

रात्र कुठे संपते आणि पहाट कुठे सुरू होते ह्यावर मात्र समितीच्या मीटिंगमध्ये अर्धा तास गेला. एकाच वेळेला दोन नावं ठेवून चालणार नव्हतं, ‘रात्री ३’ आणि ‘पहाटे ३’ दोन्ही यादीत ठेवले तर ते वेगवेगळ्या तारखांना पडतात आणि परत उघडताना कुठला दाखवायचा ते ठरत नाही. पेडण्याकडचे एक गृहस्थ होते, ते म्हणाले दशावतार रात्रभर चालतो, पहाटे दहीकाला होऊन संपतो, आमची रात्र उजाडेपर्यंत. काका म्हणाले पण सुरू कधी होतो ते सांगा, संपतो कधी ते कोण विचारतंय. मग मी गेल्या दोन सीझनची हँडबिलं पसरली आणि बघितलं की दीड ते चार ह्या वेळात सुरू होणारा एकही कार्यक्रम त्यात नाही. तीनला रेघ मारली. रात्र २.४५ ला संपते, ३ ला पहाट. एवढा मोठा निर्णय आम्ही चहा-पावावर घेतला.

विजेट चढवलं आणि तीन दिवसांनी नवीन तमाशा. एक नाटक सरकायला लागलं. वहिनींनी एका नोंदीत नाटकाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारला, सेव्ह केलं, मग फोटो बदलला, सेव्ह केलं, आणि १४ तारखेचं नाटक १७ वर जाऊन बसलं. मी सेव्ह करताना रात्री साडेबाराला एक दिवस पुढे ढकलत होतो, पण तीच नोंद परत उघडताना एक दिवस मागे आणायला विसरलो होतो. फॉर्म उघडला की १५ तारीख आणि रात्री १२.३० दिसायचं, सेव्ह केलं की १६, परत उघडा, परत सेव्ह, १७. रात्री नऊची नाटकं जागच्या जागी, फक्त बारानंतरची चालायला लागलेली, त्यामुळे टेस्टिंगमध्ये माझ्या लक्षात आलं नाही, मी सगळी टेस्ट रात्री नऊवर केली होती. विजेट लिहिणाऱ्याने हे एक पक्कं लक्षात ठेवा: काहीही न बदलता उघडा आणि सेव्ह करा, तीनदा, आणि किंमत तीच राहते का बघा. आता तीनच्या आधीची वेळ असेल तर तारीख एक दिवस मागे आणि मिनिटांत १४४० मिळवून दाखवतो.

ह्याच तपासणीत दुसरं निघालं, जुन्या नोंदीत कुणी ९.५० अशी वेळ टाकलेली, ती यादीतच नाही, त्यामुळे फॉर्म उघडला की वेळ कोरी. त्यावर उपाय म्हणून जी किंमत आधीपासून आत आहे ती यादीत नसेल तर तेवढ्यापुरती यादीत जोडतो.

फॉर्मॅटरही वेगळा लिहिला, नाहीतर काकांच्या १५ तारखेचा प्रश्न पानावर तसाच राहिला असता. आता पानावर ‘शनिवार १४, रात्री १२.३०’ आणि खाली छोट्या अक्षरात ‘रविवार उजाडायच्या आधी’. हीच ओळ फॉर्ममध्येही ड्रॉपडाउनच्या खाली येते, निवड बदलली की बदलते. तिला जावास्क्रिप्ट लागतं पण ते नाही चाललं तर नुसती ओळ येत नाही, फॉर्म अडत नाही. वहिनींच्या मते अख्ख्या विजेटमध्ये तीच ओळ कामाची, त्या ती मोठ्याने वाचतात आणि मग सेव्ह दाबतात.

मग दुबईचं प्रकरण. एका मंडळाचा पोरगा तिकडे नोकरीला, हौशीने तिथून एंट्री करायचा, आणि त्याची सगळी नाटकं दीड तास उशिरा लागलेली. ड्रुपलमध्ये प्रत्येक युजरला स्वतःचा टाइमझोन ठेवता येतो आणि कोअरचं विजेट त्या टाइमझोनमध्येच वेळ समजून घेतं, त्याने दुबईच्या घड्याळाने रात्रीचे नऊ भरले ते आपल्याकडे साडेदहा झाले. बिचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर नऊच दिसत होतं म्हणून तो मला खोटं ठरवत होता. युजरना टाइमझोन बदलू देण्याची सेटिंग बंद केली आणि माझ्या विजेटमध्ये भारताची वेळ ठोकून बसवली. जत्रा गोव्यात आहे, बघणारा कुठेही असो.

जुन्या नोंदी दुरुस्त करणं हे सगळ्यात कंटाळवाणं काम. बारा ते तीनमधल्या तीसेक नोंदी, आणि नोंद बघून कळत नाही की ती वहिनी पद्धतीची की काका पद्धतीची. कुणी केली ते ड्रुपल सांगतं पण मधल्या काळात मंडळवाल्यांच्या फोनवरून त्या उलटसुलट झालेल्या. हँडबिलं काढून एकेक जुळवली. तीन मंडळांची हँडबिलं सापडली नाहीत, त्यांना फोन केले, त्यातल्या एकाने विचारलं, ‘नाटक होऊन गेलं की हो, आता तारीख कशाला?’ खरं आहे, पण पुढच्या वर्षी कोणीतरी जुनी नोंद बघूनच नवीन भरणार. तरी जत्रा तिथीवर असतात, शिरगावची लईराई देवीची जत्रा वैशाख शुद्ध पंचमीला, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख कॉपी करून काहीच उपयोग नाही आणि मधे अधिक महिना आला की अंदाजही गेला. रेइश मागुशच्या चर्चचं तीन राजांचं फेस्त, म्हंजे सण, कसं, ६ जानेवारी म्हंजे ६ जानेवारी. तिथीसाठी वेगळं फील्ड आहे, महिना, पक्ष आणि तिथी असे तीन ड्रॉपडाउन, ते नुसतं दाखवायला, त्यावरून तारीख काढायचं धाडस मी करत नाही, ते काम देवळाच्या पुरोहितांचं.

गावाच्या फील्डचा घोळ थोडक्यात: तिथे टाइप करा आणि सुचवलेलं निवडा असं विजेट होतं, आणि यादीत नसेल तर नवीन गाव तयार कर ही खूण मी टिक करून ठेवलेली. दोन महिन्यांत साखळी, सांखळी, सांकेली तिन्ही गावं तयार. टिक काढली, गावं एकत्र केली. तालुके बाराच आहेत, त्यांना साधा ड्रॉपडाउन, तिथे कोणाचं काही अडलं नाही.

ह्या सीझनला काका स्वतः एंट्री करतात, वहिनींना बढती मिळाली, वेळ नसतो. परवा काकांचा फोन आला. एका हँडबिलावर वेळच नाही म्हणे, ‘पालखी देवळात परतल्यावर लगेच’ एवढंच छापलंय. ‘तुझ्या यादीत हा पर्याय कुठल्या गटात शोधू?’ मी विचारलं, काका, पालखी साधारण किती वाजता परतते? ते म्हणाले, ‘लोक किती ओवाळतात त्यावर.’ आता वेळेच्या शेजारी एक टेक्स्टचं फील्ड दिलंय, वेळेची टीप, साठ अक्षरांचं, आणि वेळ म्हणून रात्री बारा टाकायला सांगितलंय. काका म्हणतात साठ अक्षरं कमी पडतात.